पायवर स्टॉर्ज नोड: पहिल्या महिन्याची कमाई सव्वा रुपया

खटपट्या | १ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेला रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, ४ जीबी) कपाटात धूळ खात पडला होता, शिवाय २ टीबीची एक पोर्टेबल हार्डडिस्क होती जिच्यात लग्नाचे व्हिडिओ सोडून काही नव्हतं, ते दुसरीकडे हलवले आणि १ जुलैला त्यावर स्टॉर्जचा नोड चालू केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या डिस्कवरची रिकामी जागा नेटवरून जगाला भाड्याने द्यायची, कोणीतरी अनोळखी माणूस त्यात आपला डेटा ठेवतो आणि कंपनी आपल्याला टोकनमध्ये (क्रिप्टो नाण्यांत) भाडं देते, असा साधारण प्रकार. आपलं मशिन म्हणजे त्यातला एक नोड.

आज जुलैचा हिशोब लागला. एकूण कमाई ६ सेंट. त्यातले ७५ टक्के अनामत म्हणून कापून हातात दीड सेंट. म्हणजे आपले सव्वा रुपया :)

बायको म्हणाली देव्हाऱ्यात ठेव.

हसून झालं असेल तर मूळ प्रश्न. गेले आठ दिवस पाय फार संथ झालाय. डॅशबोर्ड उघडायला दोन-तीन मिनिटं, लॉगमध्ये सारखं डेटाबेस लॉक झाल्याचं येतंय, आणि लोड बघितला तर १८-२० च्या घरात, चार कोअरच्या मशिनवर! प्रोसेसर तर नुसता बसलेला दिसतो. टेंपरेचर ५५ च्या वर नाही. कोणाला अनुभव?

कर्जत_लोकल | २ ऑगस्ट, सकाळी ७:१२

सव्वा रुपया म्हणजे शुभ शकुन आहे हो, सत्यनारायण घालून टाका. (हलकं घ्या)

प्रश्नाचं उत्तर येत नाही पण वाचतोय.

निवृत्त_कॅशियर | २ ऑगस्ट, सकाळी ९:०५

६ सेंटवर ७५ टक्के कपात? आमच्या काळी सावकारसुद्धा एवढं कापत नव्हते. खटपट्या, विजेचं बिल कोण भरतं ते पण लिही. आणि ही अनामत परत मिळते की मिळाल्यासारखी दाखवतात?

खटपट्या | २ ऑगस्ट, दुपारी १:३०

काका, मिळते. पहिले तीन महिने ७५ टक्के कापतात, पुढचे तीन ५०, त्यापुढचे तीन २५, दहाव्या महिन्यापासून काही कापत नाहीत. पंधरा महिने झाले की साठलेल्यातली अर्धी परत देतात आणि उरलेली अर्धी आपण रीतसर निरोप घेऊन नोड बंद केला तर. मध्येच वायर काढून पळून गेलो तर गेली. भाडेकरूकडून डिपॉझिट घेतो ना आपण, तेच फक्त उलटं, इथे घरमालकच डिपॉझिट भरतोय.

कारण सरळ आहे. नोड न सांगता गायब झाला तर त्याच्यावरचे तुकडे दुसरीकडे परत तयार करायला खर्च येतो, तो ह्यातून काढतात.

मिसळ_अँड_मदरबोर्ड | २ ऑगस्ट, रात्री १०:२०

खटपट्या, तुमची डिस्क एसएमआर आहे. मॉडेल नंबर न बघता पैज लावतो. अडीच इंची पोर्टेबल डिस्का बहुतेक सगळ्या एसएमआरच असतात.

एसएमआर म्हणजे काय, तर डिस्कवरचे ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून बसवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं की त्याच्यावर चढलेली सगळी उचलून परत बसवावी लागतात. सिनेमे, फोटो एकदा टाकले आणि विसरले अशा कामाला उत्तम. स्टॉर्जच्या नोडला मात्र दिवसभर हजारो छोट्या छोट्या फायली लिहायच्या, पुसायच्या, परत लिहायच्या असतात, तिथे ही कौलं उचलता उचलताच डिस्कचा जीव जातो. तुमचा प्रोसेसर बसलेला दिसतोय कारण तो डिस्कची वाट बघत बसलाय. वीसचा लोड म्हणजे रांगेत उभे असलेले लोक, काम करणारे नव्हेत.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीसाठीच्या) रेड मालिकेत न सांगता एसएमआर घातल्याचं उघड झालं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. तेव्हापासून मी डिस्क घेताना आधी सीएमआर (ट्रॅक एकावर एक न चढवलेली) आहे का ते डेटाशीटमध्ये बघतो, मग किंमत.

दुसरी गोष्ट. डिस्क पायच्या यूएसबीवरच चालतेय का, वेगळा पॉवर नाही? पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपियर देतात. डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच त्यातला मोठा घास घेते. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय लॉगमध्ये अंडरव्होल्टेज लिहितो, बघा सापडतंय का.

खटपट्या | ३ ऑगस्ट, रात्री १२:१५

पैज जिंकलात. एसएमआरच निघाली. आणि अंडरव्होल्टेज मोजायचं सोडून दिलं एवढ्या वेळा आहे, मोबाईलचा चार्जर लावला होता :( मूळ ५.१ व्होल्ट ३ अँपियरचा अडॅप्टर पुतण्याने त्याच्या कशाला तरी पळवलाय.

आता काय करू? नवीन डिस्क घ्यायचा खर्च ह्या सव्वा रुपयात कधी निघणार?

मिसळ_अँड_मदरबोर्ड | ३ ऑगस्ट, सकाळी ८:५०

निघणार नाही. नोडसाठी म्हणून डिस्क विकत घेऊच नये, स्टॉर्जवाले स्वतःच सांगतात की जे पडून आहे तेच वापरा. तीन उपाय करून बघा, स्वस्त ते आधी.

अडॅप्टर परत मिळवा. मग नोडच्या डेटाबेसच्या फायली डिस्कवरून काढून एखाद्या जुन्या एसएसडीवर ठेवा, कॉन्फिग फाइलमध्ये त्यासाठी वेगळा फोल्डर देता येतो, मेमरी कार्डवर मात्र ठेवू नका, लिहून लिहून कार्ड मरेल. तिसरं, कोणाच्या जुन्या डेस्कटॉपमधली साडेतीन इंची डिस्क मिळाली तर तिला स्वतःच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवाल्या डॉकमध्ये (डिस्क खोचायच्या स्टँडमध्ये) घाला आणि सगळा डेटा तिकडे हलवा.

संगणकसखी | ३ ऑगस्ट, सकाळी ११:३५

मूलभूत प्रश्न, हसू नका. कोणा अनोळखी माणसाचा डेटा माझ्या घरात, माझ्या डिस्कवर. उद्या त्यात काही भलतंसलतं असलं आणि पोलीस दारात आले तर मी काय सांगू? आणि ज्याने डेटा ठेवला त्याला तरी झोप कशी लागते, खटपट्यांच्या मोबाईल चार्जरवर चाललेल्या पायवर त्याचे फोटो आहेत म्हटल्यावर?

मिसळ_अँड_मदरबोर्ड | ३ ऑगस्ट, दुपारी ४:००

चांगला प्रश्न आहे ताई, हसण्यासारखं काही नाही.

ज्याची फाइल आहे त्याच्या बाजूलाच ती आधी एन्क्रिप्ट होते, किल्ली त्याच्याकडे. मग तिचे जास्तीत जास्त ६४ एमबीचे खंड पडतात आणि प्रत्येक खंडाचे ८० तुकडे ८० वेगवेगळ्या नोडवर जातात. गंमत अशी की खंड परत जुळवायला त्यातले कुठलेही २९ पुरतात. एक तुकडा जेमतेम सव्वादोन एमबीचा. म्हणजे खटपट्यांकडे जे आहे तो कुलूपबंद पुस्तकाच्या एका पानाचा फाटका तुकडा, तो त्यांनाही वाचता येत नाही आणि दुसऱ्या कोणालाही.

ह्यामागचं गणित रीड आणि सॉलोमन ह्या दोघांनी १९६० मध्ये मांडलं. आपण रोज वापरतो. वडापावच्या गाडीवर लावलेला क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला असतो, तेलाचा डाग पडलेला असतो तरी पैसे जातात ना? तेच हे. आणि खटपट्यांचा पाय उद्या जळाला तरी त्या माणसाला कळणारसुद्धा नाही, बाकी ७९ आहेत, फारच कमी उरले तर सॅटेलाइट नवीन तुकडे बनवून दुसऱ्या नोडवर टाकतो. सॅटेलाइट म्हणजे आकाशातला नव्हे, कुठला तुकडा कुठे आहे ह्याची वही ठेवणारा सर्व्हर. तोच अधूनमधून नोडची परीक्षा घेतो, अमुक तुकड्यातला अमुक भाग दाखव म्हणून. नाही दाखवता आला तर गुण कमी, ९६ टक्क्यांच्या खाली गेलात की कायमचे बाद.

पोलिसांचं म्हणाल तर मी वकील नाही. पण नेट कनेक्शन तुमच्या नावावर आहे, तेव्हा घरी सर्व्हर चालवायला प्रोव्हायडरच्या अटींत चालतं का ते आधी वाचा. मी वाचलं होतं.

संगणकसखी | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

क्यूआर कोडचं उदाहरण झकास. वाखुसा (वाचनखूण साठवली).

इसारच्या_काठी | ४ ऑगस्ट, पहाटे २:२५

म्युनिकहून. मी हा प्रयोग दीड वर्ष केला, पाय ४ आणि साडेतीन इंची डिस्क मिळून मीटरवर १२ वॅट दिसायचे. दिवसाला ०.२९ युनिट, महिन्याला साडेआठ-पावणेनऊ. इथे युनिटला ३५ सेंटच्या वर पडतात, म्हणजे नुसते विजेचे तीन युरो. आधी बाहेर जाणाऱ्या डेटाला टीबीमागे २० डॉलर मिळायचे तेव्हा परवडत होतं, २०२३ च्या डिसेंबरपासून ते २ डॉलर झाले. साठवणीचा दर १.५ डॉलर टीबी-महिना तेवढाच राहिला. त्या महिन्यात बंद केला. रीतसर निरोप घेऊन, अनामत सोडवून :)

तुम्हाला भारतात सीजीनॅटचा त्रास नाही का झाला? इथे केबलवाल्यांकडे डीएस-लाइट नावाने तोच घोळ आहे.

खटपट्या | ४ ऑगस्ट, सकाळी १०:००

झाला म्हणजे काय! जूनचा अख्खा शेवटचा आठवडा त्यात गेला. राउटरमध्ये २८९६७ पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे बाहेरून आलेली हाक नोडकडे वळवली), टीसीपी, यूडीपी दोन्ही, फायरवॉल उघडली, तरी नोड आपला ऑफलाइन. मग कळलं की राउटरला मिळालेला पत्ताच १००.७२ ने सुरू होतोय. १००.६४ ते १००.१२७ ह्या पट्ट्यातला पत्ता दिसला की समजायचं तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, शेकडो घरं मिळून एकच खरा पत्ता. चाळीत टपालपेटी एकच आणि खोली नंबर कोणीच लिहिलेला नाही असं. बाहेरून हाक मारली तर नेमकी आपल्या दारात येणारच नाही.

प्रोव्हायडरच्या कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी म्हणते "सर, तुमचा नेट चालू आहे ना मग प्रॉब्लेम काय आहे". बरोबर होतं तिचं पण. शेवटी आमच्या गल्लीत वायर ओढणाऱ्या पोरालाच चहा पाजला, त्याने सांगितलं स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतःचा पत्ता) घ्या, वर्षाला १५०० अधिक जीएसटी. घेतला. दुसरा मार्ग म्हणजे बाहेर छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनने बोगदा काढायचा, पण त्याचं भाडं महिन्याला चार-पाच डॉलर, कमाई सव्वा रुपया, म्हणजे मुदलातच खोट.

निवृत्त_कॅशियर | ४ ऑगस्ट, सकाळी १०:४५

१५०० वर १८ टक्के जीएसटी धरून १७७०, भागिले १२, महिना १४७ रुपये ५० पैसे. वीज युनिटला १० रुपये धरली तरी ८६. मिळून २३३. आता जमेची बाजू. तुझ्याकडे पूर्ण २ टीबी भरले तरी ३ डॉलर, वर ये-जा धरून २० सेंट. डॉलरला ८४ धरले तर २६९. शिल्लक ३५ रुपये, तीही अनामत कापणं बंद झाल्यावर. आणि ते टोकन विकून नफा झालाच तर ३० टक्के कर, १ एप्रिल २०२२ पासून, तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही, विकताना १ टक्का टीडीएस वेगळा.

पोस्टाच्या आरडीत टाक. तिथे पोर्ट फॉरवर्ड करावा लागत नाही.

कर्जत_लोकल | ४ ऑगस्ट, सकाळी ११:०२

हाहाहा काका __/\__

पूर्वरंग | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

ते दोन पाय लावले तर डबल मिळतील का? माझ्याकडे पाय ३ पण आहे.

मिसळ_अँड_मदरबोर्ड | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

नाही. एकाच /२४ सबनेटमधले (आयपी पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असलेले) सगळे नोड मिळून एकच धरतात आणि येणारा डेटा त्यांच्यात वाटून जातो. नाहीतर लोकांनी एका खोलीत पन्नास नोड लावले असते आणि एका फ्यूजबरोबर कोणाचे तरी पन्नास तुकडे गेले असते. फाइलकॉइनचा (असंच जागा भाड्याने द्यायचं दुसरं नेटवर्क) विचार तर पायवर करूच नका, तिथे ३२ जीबीचं सेक्टर (साठवणीचा गठ्ठा) सील करायलाच १२८ जीबी रॅम लागते. आयपीएफएसचा (लोकांनी मिळून फायली वाटायचं नेटवर्क) साधा नोड चालेल, पण त्यात पैसे नाहीत, समाजसेवा. आणि पाय ३ ला यूएसबी २ आहे आणि नेटवर्कही त्याच एका यूएसबीच्या वाटेने जातं, त्याला आपलं जाहिराती अडवायचं काम द्या, खूश राहील.

खटपट्या | १९ ऑगस्ट, रात्री ११:५५

अपडेट. मामाच्या ऑफिसमधल्या भंगारात निघालेल्या डेस्कटॉपमधून ४ टीबीची सीएमआर डिस्क मिळाली, ३१ हजार तास फिरलेली पण एकही खराब सेक्टर नाही. डॉकला वेगळा अडॅप्टर. पुतण्याकडून पायचा अडॅप्टरही वसूल केला.

हलवाहलवीचा अनुभव लिहितो, कोणाला उपयोग होईल. डेटा होता जेमतेम ७० जीबी, पण फायली लाखांत, कित्येक तर काही केबीच्या. आरसिंकने (फायली कॉपी करायचं टूल) पहिली फेरी नोड चालू ठेवून मारली, १९ तास लागले, त्या एसएमआरवरून वाचताना. दुसरी फेरी चार तास. मग नोड बंद केला, डॉकरला (नोड ज्यात चालतो ते सॉफ्टवेअर) थांबवताना ३०० सेकंद मुदत द्यायची म्हणजे हातातलं काम संपवून थांबतो, आणि तिसरी फेरी तिकडचं जास्तीचं पुसण्यासकट. ही शेवटची फेरी विसरलात तर पुसलेल्या फायली परत जिवंत होतात.

नवीन डिस्क ईएक्सटी४ ह्या लिनक्सच्या फाइल सिस्टिमने फॉरमॅट केली. त्यात एक कळलं, ईएक्सटी४ आपणहून ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवतं, ४ टीबीत २०० जीबी! डेटाच्या डिस्कला त्याची गरज नाही, शून्य करून टाकलं. एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) डिस्कचा यूयूआयडी (तिचा कायमचा ओळख क्रमांक) टाका, यूएसबीचा क्रम बदलला की एसडीए नावाची डिस्क एसडीबी होते. आणि मेमरी कार्ड, डिस्क काहीही गेलं तरी आयडेंटिटीच्या (नोडच्या ओळखपत्राच्या) फायलींचा बॅकअप दुसरीकडे हवाच, ती गेली म्हणजे नोड गेला, डेटा शाबूत असला तरी. ती आयडेंटिटी बनवायला पायवर बसू नका, लॅपटॉपवर दोन तासांत झाली, पायवर अख्खी रात्र फिरत होती आणि तरी नाही.

डॉक लावल्यावर दोन दिवस डिस्क मध्येच गायब व्हायची, लॉगमध्ये यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत) चुका. डॉकमधल्या चिपचं आणि पायचं जमत नव्हतं. बूटच्या कमांडलाइन फाइलमध्ये त्या चिपचा आयडी टाकून तिच्यापुरतं यूएएस बंद केलं, वेग थोडा कमी झाला पण आता गुण्यागोविंदाने नांदतायत.

लोड आता ०.४. डॅशबोर्ड टिचकीसरशी उघडतो. मिसळभाऊ, तुमच्या शहरात आलो की मिसळ माझ्याकडून.

मिसळ_अँड_मदरबोर्ड | २० ऑगस्ट, सकाळी ७:४०

तर्रीवाली. लिहून ठेवलंय.

वायरमनचा_मुलगा | २० ऑगस्ट, दुपारी २:१५

लाइटचं काय करता? आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस मेंटेनन्सच्या नावाखाली चार तास जाते, पावसाळ्यात तर विचारूच नका. नोडला ९९.३ टक्के चालू पाहिजे असं वाचलं, म्हणजे महिन्यात पाच तास फक्त.

खटपट्या | २० ऑगस्ट, रात्री १०:०५

हाच तर खरा विषय आहे बघा, ह्याच्यावर कोणी व्हिडिओ करत नाही. परदेशातले लोक अपटाइम म्हणजे सॉफ्टवेअर अपडेटला किती सेकंद गेले ते मोजतात, आपण डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फांदी पडली का ते बघतो.

मी आधी राउटरला मिळतो तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. राउटर आणि पाय (५ व्होल्टचा कन्व्हर्टर लावून) आरामात चालले. डिस्क जोडली आणि यूपीएसने मान टाकली, कारण साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास ओढते, नंतर शांत होते, पण तो पहिला हिसकाच ह्याला झेपेना. मग घरच्या इन्व्हर्टरची लाइन कपाटापर्यंत ओढली. तरी लाइट गेली की पाय रिस्टार्ट! दोन आठवडे डोकं खाजवलं. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस मोडचं, आमच्याकडे ते इकोवर होतं, इकोत लाइन बदलायला जास्त वेळ लागतो, पंख्याला कळत नाही पण पायला कळतो. ते बटण दाबलं, विषय संपला. आठ वर्षं इन्व्हर्टर घरात आहे, बटण पहिल्यांदा बघितलं.

तुमच्या प्रश्नाचं: पाच तास ही अपेक्षा आहे, त्यापुढे गेलात की लगेच हाकलत नाहीत. ऑनलाइन गुण ६० टक्क्यांच्या खाली गेले की नोड निलंबित, नवीन डेटा येणं बंद. पण काही तास सलग बंद राहिलात तर तुमच्याकडचे तुकडे हरवल्यासारखे धरून दुसरीकडे बनवले जाऊ शकतात, मग परत आल्यावर हळूहळू आपल्याकडचे पुसले जातात. म्हणजे साठलेलं गळतं.

संगणकसखी | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

अवांतर: आत्ता आमच्या इन्व्हर्टरच्या मागे जाऊन बघितलं. बटण सापडलं. आणि पालीची दोन अंडी.

इसारच्या_काठी | ११ नोव्हेंबर, रात्री १:५०

खटपट्या, आहे का चालू?

खटपट्या | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

उशिरा बघितलं, सॉरी. चालू आहे. सातवा महिना संपला, ९०० जीबी भरलेत. परीक्षेत १०० टक्के, ऑनलाइन ९९.१, दिवाळीत गावाला गेलो होतो तेव्हा राउटर अडकला ते सोडून. जानेवारीची कमाई १.४७ डॉलर, २५ टक्के कापून १.१०, म्हणजे साधारण ९५ रुपये.

सुरुवातीला डेटा इतका कमी का येतो ते पण कळलं. नवा नोड प्रत्येक सॅटेलाइटकडे १०० परीक्षा पास होईपर्यंत उमेदवारीतच असतो, तोवर थेंब थेंब. शिवाय अपलोड ही शर्यत असते, गरजेपेक्षा जास्त नोडना एकदम तुकडे पाठवतात आणि आधी घेतील त्यांचे ठेवून बाकीच्यांना थांबा म्हणतात. अपलोड करणारा युरोपात किंवा अमेरिकेत बसला असेल तर सांगली जिल्ह्यातला नोड धावून धावून किती धावणार.

काका, ९५ उणे २३३, दर महिन्याला १३८ रुपये खिशातून. तुम्ही लिहायच्या आधी मीच लिहिलं. पण ह्या सात महिन्यांत डॉकर शिकलो, लिनक्समध्ये डिस्क कशी लावतात ते शिकलो, आणि त्याच स्टॅटिक आयपीवर आता घरचे फोटो पण स्वतःच्या सर्व्हरवर, मोबाईलवरून सगळ्यांना दिसतात, वर गूगलची जागा भरली म्हणून दर महिन्याला येणारा मेसेज बंद.

निवृत्त_कॅशियर | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

लिहिणार नव्हतो. वेगळं काम आहे. नातू इंजिनिअरिंगला गेला, त्याचा पाय इथेच टाकून गेला. सीएमआर डिस्क बघून घेतली, जुनी, ९०० रुपये. इन्व्हर्टरचं बटण आधीच दाबून ठेवलं. सगळं तुझ्यासारखं केलं पण डॅशबोर्डवर लाल अक्षरात ऑफलाइन येतंय. राउटरवर पत्ता १००.८१ ने सुरू होतो.

त्या वायर ओढणाऱ्या पोराला चहा पुरतो की वडापाव पण लागतो?

खटपट्या | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

चहा पुरतो काका. पण महिन्याअखेरीस न्या, तेव्हा त्यांचं टार्गेट बाकी असतं.